सावळीचा वीर

आमच्या शेजारी सावळी राहायची. तिचा नवरा धाऊ गावची विहीर खणताना दरड कोसळून गेला. साल तीस-बत्तीसचं असेल, मला आकडे नीट येत नाहीत. विहीर पुरी झाल्यावर कठड्याशी कुणा साहेबाच्या नावाचा दगड उभा राहिला. धाऊचं नाव कुठंच नव्हतं.

आमच्याकडं असं अवेळी गेलेल्या माणसाचा वीर बसवतात. दगड घडवायचा, कुळाला जेवू घालायचं, मग दर दिवाळीला तेल-शेंदूर. सावळीच्या घरी नाचणी पुरत नव्हती, कुळ कुठलं जेवतंय! तिनं साहेबाच्याच दगडाला शेंदूर फासला.

मी म्हटलं, "अगो, हा सायबाचा."

"धाऊ इथंच गेला, दगड इथंच उभा. दुसरा कशाला?"

पंधरा वर्षं ती त्या अक्षरांवर तेल ओतत राहिली.

स्वराज्य आलं तशी पोरं साहेबाचा दगड फोडायला घण घेऊन विहिरीवर आली. पाटील म्हणाले, "आधी मुरबाडच्या कचेरीतून हुकूम आणा."

"हुकूम कसला? इंग्रज गेला. आता गाव ठरवील," पोरांचा म्होरक्या महादू म्हणाला.

"गाव म्हणजे कोण रे? पानी भरतात ते?" म्हाताऱ्या राघोनं चिमटा काढला.

"म्हणजे बायका?" कुणीतरी बोललं आणि सगळे हसले. आम्ही बायका हंडे घेऊन तिथंच उभ्या होतो.

सावळी पुढं झाली. "महादू, तो माझा वीर हाय."

"काकी, तो सायबाचा दगड!"

"दगड डोंगरातला. सायबाचं नुसतं नाव. नाव खरवड, माझा मानूस ऱ्हाऊ दे."

हे पाटलांनाही पटलं. महादूनं घण ठेवून छिन्नी घेतली. चार ठोके बरे पडले, पुढच्याला दगड उभा चिरला.

"काकी, मुद्दाम नाय गो."

"नाय रे बाबा." सावळी म्हणाली.

सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. ठरवायला पुष्कळ होते, उचलायला महादू आणि मी. दोन्ही तुकडे तिच्या बांधावर नेऊन टेकवले.

दिवाळीला ती वाटी घेऊन उभी. "दोहींवर घालू का गो? तेल एवढंसंच हाय."

"एकावर घाल."

"कुठल्या?"

मला तरी काय ठाऊक?  तिनं मग दोन तुकड्यांमधल्या मातीत वाटी पालथी केली, "जेव रे," म्हणाली आणि घराकडं वळली.