पलीकडच्या बागेतल्या मधमाश्या

मी मस्कतच्या रुवी भागात पेस्ट कंट्रोलचं काम करतो. ऑफिस हमरियातल्या एका गल्लीत आहे. पुढे मॅनेजरचं टेबल, मागे औषधांची खोली आणि पंप धुवायची मोरी. कामं बहुतेक हॉटेलांच्या किचनमधली, नाहीतर बॅचलर लोकांच्या खोल्यांतल्या ढेकणांची. शहराबाहेरचं काम वर्षातून चार-पाच वेळा येतं. त्यातल्या एकाबद्दल लिहितो आहे, कारण त्यात चूक माझी होती.

मस्कतपासून दीड-दोन तासांवर, डोंगराच्या पायथ्याला एक फार्महाऊस होतं. तिथल्या पंपाच्या खोलीच्या भिंतीत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. इकडची गांधील मोठी, तांबडी, पोटावर पिवळा पट्टा. ओमानी लोक तिला दब्बी म्हणतात. तिचं काम उजाडायच्या आधी करायचं असतं, सगळ्या आत असताना, भोकात पावडर मारून. हे मला ठाऊक होतं. पण संध्याकाळी रुवीत एका हॉटेलचं काम ठरलं होतं, म्हणून मी दुपारी तीनलाच पंप पाठीला लावला आणि बाहेर उडणाऱ्याही मराव्यात म्हणून पातळ औषध फवारलं. वारा होता. पाटाच्या कडेला ओल्या दगडांवर मधमाश्या पाणी पीत बसल्या होत्या, त्याही मला दिसल्या. वॉचमनला विचारलं, भिंतीपलीकडे काय आहे?

"कुछ नहीं भाई, किसी का बगीचा है."

मी आणखी काही विचारलं नाही. चारच्या आत काम उरकून निघालो.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारे ओमानी गृहस्थ ऑफिसात आले. पांढरी दाढी, हातात काठी. त्यांनी मॅनेजरच्या टेबलावर प्लास्टिकची बरणी ठेवली. ती मेलेल्या मधमाश्यांनी काठोकाठ भरली होती. मी मागे पंप धुवत होतो. मॅनेजर त्यांना हिंदीत सांगत होता की या आमच्याच औषधाने मेल्या कशावरून. उन्हाळ्याने मेल्या असतील, दुसऱ्या कुणी फवारलं असेल. मग त्याने मला हाक मारली.

"तू तिथे मधमाश्यांच्या पेट्या पाहिल्यास का?"

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं हिंदी बाजारात शिकलेलं होतं, पण स्वच्छ होतं. "पाहिल्यास का, असं मी विचारत नाही. भिंतीवरून डोकावलास का?"

"नाही."

त्यांनी काठी उचलली. बरणी तशीच ठेवून गेले. मॅनेजरने ती कचऱ्यात टाकायला सांगितली, मी टाकली.

त्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी शेअर टॅक्सी करून त्या गावी गेलो. का गेलो हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. माफी मागायची असं काही पाठ करून गेलो नव्हतो. ते म्हातारे गृहस्थ भिंतीपलीकडच्या बागेतच होते. खजुराच्या झाडांखाली लोखंडी घोडीवर खजुराचेच पोखरलेले ओंडके आडवे रचले होते. इकडे मधमाश्या पेटीत नाही, अशा ओंडक्यांत पाळतात. दोन्ही तोंडं गोल झाकणाने बंद आणि एका झाकणाला बोटभर भोक. एकूण तीस-पस्तीस ओंडके असतील. भिंतीकडचे नऊ गप्प होते. ते मला एकेका ओंडक्याजवळ घेऊन गेले आणि कान लावायला लावलं. जिवंत ओंडक्यात बारीक गुणगुण ऐकू येते. त्या नवांत काहीच नव्हतं.

"अर्बाब, चूक माझी आहे," मी म्हटलं. इकडे मालकाला अर्बाब म्हणतात.

"मी तुझा अर्बाब नाही. चाचा म्हण."

मग ते आत गेले आणि बॅडमिंटनची जुनी रॅकेट घेऊन आले. माझ्या हातात दिली. "दब्बी येते, ओंडक्याच्या तोंडाशी थांबते, बाहेर येणारी माशी उचलते. मार तिला. माझे गुडघे आता तासभरही उभं राहू देत नाहीत."

मी दुपारच्या नमाजेपर्यंत मारत होतो. हे वाटतं तितकं सोपं नाही. गांधील हवेत जागच्या जागी थांबते, तेवढ्याच क्षणात मारावं लागतं, नाहीतर रॅकेट मधमाश्यांच्या गर्दीत जाते. पहिल्या तासात एक मानेवर डसली. चाचांनी लिंबू कापून चोळलं आणि म्हणाले, "आता तिला घाबरणार नाहीस."

जुम्म्याची नमाज आम्ही गावच्या मशिदीत पढलो. जेवायला त्यांच्या घरी भात आणि सुकवलेली मुशी मासळी होती. त्या वासाने मला रत्नागिरीतली आमची पडवी आठवली, पण ते मी बोललो नाही. निघताना त्यांनी इतकंच विचारलं, "पुढच्या जुम्म्याला?"

मी जात राहिलो. खोलीतल्या मित्राला, जो माझ्याच तालुक्यातला आहे, हे वेड वाटायचं. "आठवडाभर मारतोस, त्याने पोट भरत नाय तुझं?" तो विचारायचा.

ऑक्टोबरात गांधीलमाश्या इतक्या वाढल्या की रॅकेटने आवरेनात. चाचांना मी म्हटलं, घर शोधलं पाहिजे. मेलेल्या मधमाशीचा तुकडा दगडावर ठेवायचा, तो उचलून गांधील कोणत्या दिशेला सरळ उडते ते पाहायचं, तेवढं पुढे जाऊन पुन्हा तुकडा ठेवायचा. दोन शुक्रवार आम्ही असे चाललो, मी पुढे आणि ते काठी टेकत मागे. घर कोरड्या नदीच्या काठाला, पाटाच्या पडक्या भिंतीत सापडलं. त्या आठवड्यात मी एक दिवस रजा घेतली आणि रात्री त्यांच्याकडेच झोपलो. पहाटे त्यांनी सगळ्या ओंडक्यांची तोंडं ओल्या फडक्यांनी बंद केली. मी एकेक फडकं हाताने चाचपून पाहिलं, तेव्हा ते चिडले. "मी चाळीस वर्षं हेच करतो आहे!" तरी मी सगळी पाहिली. मग नदीकाठी जाऊन गांधिलींच्या भोकात पावडर मारली, वर चिखल लिंपला. उजाडेपर्यंत आतून भणभण ऐकू येत होती, नंतर थांबली. त्या वर्षी पुन्हा रॅकेट लागली नाही.

थंडीत दुपारच्या जेवणानंतर गावातले चार-पाच म्हातारे नदीच्या पात्रात नेमबाजीला जमत. लांबच्या दगडावर डब्याचं झाकण ठेवायचं आणि पाळीपाळीने गोळी झाडायची. पैज नाही, नुसती थट्टा. ज्याचा नेम चुकेल त्याच्या चष्म्याबद्दल बोलायचं. चाचांची रायफल त्यांच्या परवान्यावर होती, ती मला कधी हातात मिळाली नाही. मला छऱ्याची बंदूक मिळाली आणि जवळचं झाकण. चौथ्या छऱ्याला ते पडलं. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं, वाटलं होतं त्यापेक्षा जास्तच.

वसंतात वेडे राघू आले. हिरवे, लांब शेपटीचे पक्षी, विजेच्या तारेवर रांगेने बसायचे आणि उडत्या मधमाश्या टिपायचे. मी न विचारता छऱ्याची बंदूक आणली आणि तारेवर रोखली. चाचांनी मागून येऊन नळीवर हात ठेवला.

"खलास, बस कर. पक्षी नाही."

"ते तुमच्या माश्या खातात, चाचा."

"खातात. दब्बीही खातात. आणि मारायला बंदी आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "तुला मारायची सवय झाली आहे."

त्यात राग नव्हता. मी बंदूक आत नेऊन ठेवली. टॅक्सीत बसल्यावरही ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, कारण माझं काम तेच आहे.

त्याच महिन्यात मधमाश्यांचे थवे फुटायला लागले. बोरीच्या फांदीला लोंबणारा पहिला थवा मी टोपलीत झाडून घेतला आणि रिकाम्या ओंडक्यात सोडला. चाचा खुर्चीवर बसून सांगत होते, "हळू, राणी आत गेली की बाकीच्या आपोआप जातात." उन्हाळ्यापर्यंत नऊपैकी सहा ओंडके पुन्हा वाजायला लागले. तीन तसेच राहिले.

पुढचा हंगामही मी गेलो. त्यानंतर चाचांचे गुडघे पारच गेले. त्यांचा मुलगा सूर शहरात नोकरीला आहे, त्याने त्यांना तिकडे नेण्याचं ठरवलं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. ओंडके पलीकडच्या खोऱ्यातल्या एका माणसाने घेतले. दोन ओंडके मी न्यावेत असं चाचा म्हणाले, पण सहाजणांच्या खोलीत ते कुठे ठेवणार?

नेण्याच्या दिवशी पहाटे आम्ही तोंडं बंद केली, पिकअपमध्ये ओंडके दोराने आवळले. घेणारा माणूस मधमाश्यांना घाबरत नव्हता, पण घाई फार करत होता. चाचांनी मला त्याच्याबरोबर जायला सांगितलं. खोऱ्यात पोचल्यावर ओंडके मी स्वतः उतरवले, बाभळीच्या सावलीत घोडीवर लावले आणि एकेक फडकं काढलं. माश्या बाहेर आल्या, तोंडासमोर गोल गोल उडून जागा ओळखायला लागल्या. मी तासभर थांबलो.

परतलो तेव्हा मुलाची गाडी दारात होती. सामान भरलेलं होतं आणि चाचा पुढच्या सीटवर बसले होते.

"तोंडं कुठल्या दिशेला ठेवलीस?"

"पूर्वेला."

"दुपारी सावली आहे?"

"आहे. पाणीही जवळ आहे."

त्यांनी मान हलवली आणि मुलाला म्हणाले, "यल्ला, चल."