काल काय खाल्लं?

बोईसरच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हाताऱ्या माणसांना दुखणं नंतर विचारी. आधी एकच, "काल काय खाल्लं?"

आई संध्याकाळी शेजारणीला आपली जाऊ समजून बोलू लागली, तेव्हा तिला भ्रम झाला या धास्तीने मी तिला तिथे नेलं. खाण्यात निघालं नुसतं भात-कालवण, त्यातले मासे ती नातवंडांना वाढी. त्याने दिवेलागणीपर्यंत बसवून घेतलं, कंदील न लावताच तांदळाचं ताट पुढे केलं. "खडे काढ, आजी." तिला एकही दिसला नाही. मग नातवंडांची नावं विचारली. तिने जन्मवारांसकट सांगितली.

"डोकं शाबूत हाय. तिन्हीसांजेचं दिसत नाय तिला. शेवग्याचा पाला, मुशी माशाचं काळीज द्या. तुमच्यासमोर खाऊ दे."

मी आईला घेऊन थेट मासळीबाजारात गेलो.

महिन्याने अंधारून येताना आई ओसरीवरून म्हणाली, "तो बघ कंपाउंडर चाललाय. सायकल पंक्चर दिसते."