मंगलच्या हातची गोडंबी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही. औंढ्याला नागनाथापुढे हात जोडून उभी राहिले, तेव्हाही सगळ्यांना सुखी ठेव एवढं म्हणून मोकळी झाले. देवाला फसवायचीसुद्धा सवय लागते – लागत नाही का? तुम्ही अनोळखी आहात म्हणून बोलते आहे. ओळखीचे असता तर आजही गप्पच बसले असते.

मंगल माझी धाकटी जाऊ. पुसेगावजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघी एका चुलीवर स्वयंपाक करायचो. दीर शिकलेला, कॉम्प्युटरमधला. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच अमेरिकेला गेला. मंगल मागे राहिली आणि तिच्या पोटात सोनी.

मला मूल नाही. हे आधीच सांगायला हवं होतं का? सांगितलं की लोक लगेच कीव करतात, आणि मला ती कधी सोसली नाही. सोनी माझ्या कुशीत झोपायची. मला मोठी माय म्हणायची. ताप आला की आईला सोडून मला हाका मारायची. मंगलला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट म्हणायची, अक्का, तुमच्यामुळं लेकरू सुखात वाढलं. इतकी साधी बाई – आणि मला तिच्या साधेपणाचाच राग यायचा.

सोनी चार वर्षांची झाली आणि दिराने दोघींना बोलावून घ्यायचं ठरवलं. कागद झाले. मंगलने मुंबईला जाऊन व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे द्यायचे, मग पुढचं. लहान लेकराचे ठसे लागत नव्हते. दीर फोनवर बजावायचा – बोटं जप, कापूस वेचू नको, ठसे उठले नाहीत तर माघारी पाठवतात. मंगलने धुणंभांडी सोडली, बोटांना तूप चोळायला लागली. तिची कामं मी अंगावर घेतली. सगळे म्हणाले, जाऊ असावी तर अशी.

आणि मी – कसं सांगू – मी भाकरी थापतानाही त्या बोटांकडेच बघत असायचे. ती दहा बोटं माझी सोनी घेऊन जाणार होती. दुसरं काही मला सुचत नव्हतं.

आमच्याकडे घरचं माणूस लांब असलं की त्याला गोडंबीचे लाडू पाठवतात. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. दिराचा एक मित्र अमेरिकेला परतणार होता, तो मुंबईत मंगलला भेटून डबा नेणार होता. बाजारात फोडलेली गोडंबी मिळत होती. मी अख्खे बिब्बे आणले. बिब्बा फोडताना तेल उडतं, आणि ज्याला ते सोसत नाही त्याच्या अंगावर उततं, फोड येतात. मला कधी उतलं नाही. मंगलला उततं, हे मला पक्कं ठाऊक होतं. नवी नवरी असताना तिच्या टाचेच्या भेगांना मीच बिब्बा लावला होता. पाय पोटरीपर्यंत सुजला. तीळखोबरं वाटून लेपही मीच दिला.

म्हणून तिने विचारलं. बिब्बे बघून थबकली आणि विचारलं.

"अक्का, मला उतंल का?"

"तवा तेल लावलं व्हतं. ही गोडंबी हाय. हाताला राख लाव, काई व्हत न्हाई. तुज्या हातची खाऊ दे त्याला."

बस, एवढंच बोलले मी. चूक झाली म्हणता आलं असतं. चूक नव्हती.

ती दिवसभर ओसरीवर बिब्बे फोडत बसली. गुणगुणत होती. मी सोनीची वेणी घालत होते. उठून तिचा हात धरायला कितीसा वेळ लागला असता?

मुंबईला निघेपर्यंत बोटं फुगली होती, पाण्याने भरलेले फोड. माझा नवरा तिला घेऊन गेला. त्यानेच येऊन सांगितलं – काचेवर बोटं ठेवली की ती कळवळायची, मशीनवर नुसता चिखल उमटायचा. पुन्हापुन्हा ठेवून बघितली. शेवटी तिथल्या पोरीने सांगितलं, बरी झाली की नवी तारीख घेऊन या. लाडवांचा डबा मात्र मित्राच्या हाती गेला. लाडू अमेरिकेला पोचले. दिराने चांगले झाले म्हणून कळवलं.

बोटं पिकली, सालपटं निघाली, बरी व्हायला फार दिवस गेले. तोवर दिराची नोकरी गेली. थांबा म्हणाला. मग दुसरी लागली, तरी थांबा म्हणाला. मग फोन तुटक झाले, मग थांबले. तिथे त्याने दुसरं घर केल्याचं त्या मित्राकडूनच कळलं. तो तसा निघालाच असता, असं नवरा म्हणतो. असेलही. पण ते मी म्हणायचं नाही.

सोनी मला मिळाली. मिळाली म्हणजे काय? शाळेत पोरींनी बापावरून चिडवलं, तेव्हा घरी येऊन आईवर तुटून पडली – "तुझ्यानं नुसती बोटं नीट ठेवणं झालं न्हाई. तुझ्यामुळं गेला माझा बाप." मंगल म्हणाली, "व्हय बाई, माझ्याच हाताला यश न्हाई." मी तिथेच तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही. सोनी आता पुण्याला असते. मला फोन करते, आईशी बोलत नाही. मंगल माझ्या शेजारी बसून माझ्याच फोनमधून तिचा आवाज ऐकते.

आता रेशनच्या दुकानात अंगठ्याची मशीन आली आहे. माझा अंगठा बऱ्याचदा घेत नाही, झिजलाय म्हणतात. मंगलचा पहिल्या झटक्यात घेते. परवाही घेतला. तिने अंगठा पदराला पुसला, माझ्याकडे बघून हसली. "बघा अक्का," म्हणाली, "आता कसं उठतंय."

मी धान्याची पिशवी उचलली आणि तिच्या मागे घरी आले.