काचेच्या बशीतलं औषध

माझी मैत्रीण नंदा गेल्याचं तिच्या भावाने, रमेशने, कासूहून फोनवर कळवलं. रोह्याहून कामावरून घरी आली, छातीत दुखतंय म्हणाली आणि संपलं... त्या दिवशी मी खूप रडले. पण मग पेणच्या नाक्यावर रमेशने लावलेला फ्लेक्स पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. 'कॅन्सरवर औषध शोधणाऱ्या कासूच्या सुकन्येस श्रद्धांजली.' खाली हात जोडलेले गावपुढारी, तिच्या फोटोपेक्षा मोठे. महिना होत आला, राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसले.

नंदाने औषध शोधलेलं नव्हतं. रोह्याच्या प्रयोगशाळेत ती नवी रसायनं तयार करायची. ती रसायनं मुंबईला जायची आणि तिथे हिरडीच्या कॅन्सरच्या गाठीपासून वाढवलेल्या पेशींवर तपासली जायची. बहुतेक नापास व्हायची. एकदा एक पास झालं, काचेच्या बशीतल्या पेशी मेल्या. मी पेढे मागितले, तर म्हणाली, "बशीत फिनेल ओतलं तरी पेशी मरतात गो! वाईट मरून चांगल्या जगायला हव्यात. मग माणसाच्या तोंडापर्यंत जायला किती वर्षं, देव जाणे."

हे तिने रमेशला घसा फोडून सांगितलं. पण गावाला धीर कुठला? औषध सापडलं म्हणून शाल, नारळ, भाषणं, सगळं उरकलं. आणि त्या सत्काराने ताराकाकीचा घात केला. मिठागरात जन्म काढलेली ही नंदाची काकी, तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना घासायची. हिरडीवर गाठ आली होती. तिच्यासाठीच नंदा या संशोधनात शिरली होती. तिच्या हातापाया पडून नंदाने मिश्री सोडवली, मुंबईला ऑपरेशन ठरवलं. सत्कार झाला आणि काकीने मिश्रीची डबी पुन्हा उघडली.

"मना नाय कापून घ्यायचा. तुजा औषध हाय ना आता!"

"काकी, ते औषध नाय गो अजून!"

"मंग शाल कशाला दिली तुला?"

औषधाची वाट बघत काकी गेली. नंदाने ती शाल पुन्हा कधी अंगाला लावली नाही, आणि त्याच माणसांनी तिच्या मरणावर तेच खोटं मोठ्या अक्षरांत छापलं. याला श्रद्धांजली म्हणायचं?

तेराव्याला कासूला गेले तेव्हा रमेशला चारचौघांत सुनावलं. मागच्या दारी त्याची बायको वंदना पायरीवर बसून मिश्री लावत होती. मी बघतच राहिले.

"नंदाताईंचा औषध हाय ना," ती ओशाळून म्हणाली. "बोर्डावर लिवलाय."

नंदा कुणाच्याही घरी गेली की चहाआधी, हिरडीवर गाठ नाही ना ते बघायला, मोबाईलची बॅटरी लावायची आणि घरातल्या बाईला म्हणायची, "आ कर." बायका लाजायच्या, ही हटायची नाही. मी माझा मोबाईल काढला, बॅटरी लावली आणि वंदनासमोर उकिडवी बसले.

"आ कर."

तिने पदर तोंडावर घेतला. आतून रमेशने जेवायला हाक मारली. मी हलले नाही.