मार्गारेट आजी, जेवलात का?

नर्सिंगच्या पोरींच्या हॉस्टेलात दोन गोष्टी कितीही काढल्या तरी साठतात. मोरीत केस आणि माझ्याजवळ किस्से! यवतजवळच्या या हॉस्टेलची मेस मी वीस वर्षं चालवतेय. शाळेची पायरी चढले नाही, वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्यांवरून. तरी 'कल्चरल अवेअरनेस'चा अख्खा कोर्स मी केलाय. तोही पेशंट म्हणून!

इंग्लंडला नोकरीला जाणाऱ्या पोरींना तिथल्या रीती शिकवायला पुण्याहून एक टायवाले सर येतात. त्यांना सरावाला म्हातारी हवी होती. मला कॉटवर आडवं केलं आणि म्हणाले, "आक्का, आता तुम्ही मिसेस मार्गारेट."

पहिला नंबर रुख्सारचा. यवतचीच पोर, वर्गात सगळ्यांत हुशार. आली, पायाशी चादर सारखी केली आणि म्हणाली, "मार्गारेट आजी, जेवलात का?"

सर ओरडले, "आजी नाही! तिथं पेशंट सांगेल तीच हाक. नुसतं मार्गारेट!"

पोरीनं डोक्यावर ओढणी घेतली, डोळे गच्च मिटले. "मार्गारेट."

मी ताडकन उठून बसले. "ए, एकेरी कुणाला म्हणती गं? माझ्या सासूची टाप नव्हती!"

सरांनी वहीत लिहिलं: पेशंट को-ऑपरेट करत नाही.

*

पुढचा धडा, पेशंटला हात लावण्याआधी परवानगी घ्यायची. भांडगावची स्वाती सुट्टीला घरी गेली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन.

"आक्का, पोरीला काय शिकवलंय? धार काढायच्या आधी म्हशीला इंग्रजीत इचारती, 'मे आय टच यू?'"

"मग? म्हैस लाथ मारती?"

"तिला न्हाई ओ, मला मारती! आता इंग्रजीत इचारल्याबिगर पान्हाच सोडत न्हाई!"

*

दोन माणसांत हातभर अंतर ठेवायचं, हा सरांचा आवडता धडा. एकदा पोरींना दाखवायला ते स्वतः यवतच्या स्टँडवर रांगेत उभे राहिले. पुढच्या बाईपासून बरोब्बर हातभर लांब.

त्या हातभरात एक अख्खं कुटुंब शिरलं, भाजीच्या पाट्यांसकट! मग दोन पैलवान. मग एक शेळी.

पुण्याच्या तीन गाड्या गेल्या. सर परत येऊन माझ्या मेसमध्ये जेवले.

*

तिकडच्या हॉस्पिटलची मुलाखत लॅपटॉपवर होते. रुख्सार पहिल्यांदा बसली तेव्हा मॅडमनी विचारलं, "पेशंट जेवायला नको म्हणाला तर?"

सरांनी शिकवलेलं उत्तर असं की, त्याच्या म्हणण्याचा मान राखायचा आणि तशी नोंद करायची.

रुख्सार म्हणाली, "मी म्हणेन, एक घास माझ्या नावाचा."

"तरीही नको म्हणाला तर?"

"एक त्यांच्या नातवाच्या नावाचा."

"नातू नसला तर?"

"मग शेजाऱ्याच्या!"

नापास. दुसऱ्या खेपेला तिनं मॅडमचंच तोंड सुकलेलं पाहून त्यांनाच एक घास खाऊन यायला सांगितलं. पुन्हा नापास! सर म्हणाले, "तिसरी मुलाखत शेवटची. मग इंग्लंड विसरायचं."

त्या दिवशी पोर तव्यापाशी नुसती उभी राहिली. भाकरीचा कोळसा झाला. ओरडायचं सोडून मी तीच भाकरी खाल्ली. मी! विचारा कुणालाही.

*

तिसरी मुलाखत मेसमध्येच झाली, कारण रेंज तिथंच. मी लाटणं घेऊन दारात उभी, कुणी आवाज केला तर खबरदार!

रुख्सारची उत्तरं चोख. जेवण नको म्हटलं? लिहून ठेवीन. हाक कशी मारशील? त्यांनाच विचारीन. मॅडम खूश. म्हणाल्या, निकाल कळवू, बाय.

आता निघताना 'जाते' कोण म्हणतं? रुख्सारनं ओढणी सावरली आणि अदबीनं म्हणाली, "ओके मॅडम, आय ॲम कमिंग!" आणि लॅपटॉप तसाच चालू ठेवून पळाली अब्बांना सांगायला. अब्बांचं बाजारात शिलाईचं दुकान आहे.

मॅडम बसून राहिल्या. पाच मिनिटं. दहा मिनिटं. त्या माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. शेवटी मी म्हटलं, "च्या टाकू का?" पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी मेल आला. सरांनी तो अब्बांच्या दुकानात उभं राहून तीनदा वाचला. एकच ओळ होती, "रुख्सार येते म्हणाली होती. कधी येतेय?"

"सर, म्हंजी पास का नापास?" रुख्सारनं विचारलं.

सर टायची गाठ सैल करत राहिले.

अब्बांनी गळ्यातली टेप काढली. "बेटा, सरळ उभी ऱ्हा. तिकडं थंडी लई हाय. कोटाचं माप घेऊ दे."