सुमनचा बेसूर गळा

देवानं माझ्याकडं पाठ फिरवली, असं मला गेलं वर्षभर वाटत होतं. त्याहून जास्त सलत होतं ते हे, की माझ्या धाकट्या जावेकडं मात्र तो तोंड करून बसला होता. हळद शिजवायच्या दिवसांत आमच्या ह्यांना लकवा मारला. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आले ते वाचा घालवूनच. हातपाय हळूहळू हलायला लागले, पण तोंडातून शब्द फुटेना. हट्ट्याजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडी, चर्चची इमारत नाही, म्हणून रविवारची उपासना दिराच्या, म्हणजे ह्याच जावेच्या, पडवीत होते. तिथं पेटी वाजवून भजन सांगायचं काम ह्यांचं. कुणाची चाल जरा घसरली, की मधेच थांबवून पुन्हा म्हणायला लावायचे. तेच माणूस आता पाणी हवं असलं तर तांब्याकडं बोट दाखवायचं.

आमच्यात उपासनेच्या शेवटी, ज्याची प्रार्थना फळाला आली तो उभा राहून साक्ष देतो. ह्या वर्षी माझी जाऊ सुमन काही खाली बसायला तयार नव्हती. पोटातली गाठ साधी निघाली, साक्ष. लेकीचं वारंग्याकडं लग्न जुळलं, साक्ष. चुकलेली म्हैस आपल्या पायानं घरी आली, तिचीसुद्धा साक्ष! मी तोंडानं ‘आमेन’ म्हणायचे आणि आतून जळून कोळसा व्हायचे. उपास मी धरले, ह्यांच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना मी केल्या, गुडघे माझे सुजले, आणि म्हैस हिची सापडते? मी प्रभूला सरळ विचारलं, “काहून रे बाबा, तुला तिचंच घर तेवढं ठाऊक हाय का?” मग मी जाणंच सोडलं. ह्यांना एकटं टाकून कशी येऊ, हे कारण सांगायला बरं होतं.

एका रविवारी सकाळी बघते, तर सुमन माझ्याच अंगणात सतरंजी अंथरतेय आणि मागून सगळी मंडळी येतेय.

“जाऊबाई, तुमी येऊन न्हाई राहिल्या, म्हणून आमीच आलो,” ती म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता ही माझ्या दारात येऊन साक्ष देणार, अजून काय! दार लावून घ्यावंसं वाटलं, पण चार माणसांत बरं दिसलं नसतं. हे भिंतीला टेकून खाटेवर बसले होते. पेटीवर बसायला कुणी नव्हतं. दिरानं ढोलकी घेतली आणि सुमननं ह्यांनीच बसवलेलं भजन उचललं. तिचा गळा म्हणजे फुटकं मडकं. त्यात तिनं भजन एक आणि चाल दुसऱ्याच भजनाची धरली. दिरानं घाईघाईनं ढोलकी तिच्यामागं दामटली आणि मंडळी मेंढरांसारखी त्यांच्यामागून निघाली.

ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चांगला हात त्यांनी खाटेवर आपटला, थांबा म्हणून. सुमनचे डोळे मिटलेले, तिला काय दिसतंय? दुसऱ्यांदा तिनं आणखीच बिघडवलं. तेव्हा खाटेवरून आवाज आला, “येशूराया, माझ्या घरा…” चाल बराबर, शब्द स्वच्छ. ढोलकी थांबली. हे पुढची ओळ म्हणाले, तिच्या पुढचीही म्हणाले.

मी धावत गेले. “अवो, मला हाक मारा की! पानी तरी म्हना!” त्यांचे ओठ नुसतेच हलले. गाणं संपलं तशी वाचाही संपली होती. पुढं डॉक्टर म्हणाले, बोलणं गेलेल्या माणसाचं गाणं कधी कधी शाबूत राहतं. राहत असेल. मी वाद घालत नाही.

पण त्या घडीला मला काय वाटलं, ते सांगते. आनंदानं रडले, आणि रडता रडता जळाले. माझ्या उपासानं जे झालं नाही ते हिच्या बेसूर गळ्यानं झालं! आणि इतक्या महिन्यांनी ह्यांनी पहिलं नाव घेतलं ते येशूचं, माझं नाही. हसू नका, मला त्याचासुद्धा हेवा वाटला.

सुमन मात्र पदर तोंडाला लावून म्हणत होती, “माझ्यानं चाल चुकली, जाऊबाई, भाऊजींना तकलीफ झाली.” त्या दिवशी ती साक्ष द्यायला उभीही राहिली नाही. मला कळून चुकलं, की मला मदत हवी होती, पण ती हिच्या हातून नको होती. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ते चार पावलांचं अंगण मला फार जड गेलं.

“सुमन, उद्या बी ये. असंच चुकीचं म्हन.”

“बराबर म्हनू नको?”

“बराबर म्हनलीस तर ते गप बसतील, माय!”

आम्ही दोघी हसत सुटलो. हे आजारी पडल्यापासून मी अशी हसले नव्हते.

आता ती रोज येते, हे रोज चिडतात आणि रोज गातात. मला हाक अजून मारलेली नाही. मी प्रार्थना करते ती एवढीच: प्रभू, तुझं नाव ते आधी घेतात, घेऊ दे. माझा नंबर लागेल तेव्हा लागेल. तुला ज्याच्या हातून द्यायचं त्याच्या हातून दे, मी पदर पसरून उभी आहे.