चांदीचं कडं

धारूरच्या जत्रेत गोटा उचलणाऱ्या त्या गड्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बाभळीखाली बसून तो अंगात जोर यावा म्हणून कुचल्याच्या बियांची पूड गुळात मळत होता. मागच्या जत्रेला एक चिमूट होती, औंदा तीन.

"पैलवान, जहर हाय ते," मी म्हणालो.

"अन् हरणं काय आमृत हाय का, मालक?" हसत त्याने गोळी गिळली.

कोणाकडूनच न हललेला गोटा त्याने खांद्यावरून मागे टाकला. तहसीलदारसाहेब बक्षिसाचं कडं त्याच्या हातात घालू लागले, पण आवळलेली मूठ उघडेना.

"सोनारानं कडं लहान केलं काय बे?" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

दातखीळ बसलेला तो माझ्याकडे पाहत राहिला.

कडं शेवटी तिरडीवर, त्याच्या छातीवर ठेवलं.